वाहनांतील स्विचची आर्कमुळे होणारी झीज

वाहनातला स्विच बंद करताना त्याचे कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, सुटतात आणि मधल्या फटीत क्षणभर आर्क, म्हणजे विजेची प्रखर ठिणगी, पेटतो. सुटता सुटता ते एखाद्या बारीक टोकावरच टेकलेले असतात. सगळा प्रवाह तिथे एकवटल्याने ते टोक वितळते आणि धातूच्या वाफेतून प्रवाह वाहत राहतो. चांदीच्या कॉन्टॅक्टवर आर्क टिकायला साधारण १२ व्होल्ट आणि ०.४ ॲम्पिअर लागतात. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना दाब सुमारे १४ व्होल्ट असतो, म्हणजे ही सीमा जेमतेमच ओलांडलेली असते.

खरा त्रास हॉर्न, मोटर, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) अशा गुंडाळीवाल्या उपकरणांचा. प्रवाह तोडताच गुंडाळीत साठलेली ऊर्जा कधीकधी शेकडो व्होल्टचा दाब उभा करते आणि फट वाढली तरी आर्क तग धरतो. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे आर्क विझायला वाव मिळतो. गाडीतल्या डीसीत ती सोय नाही. शिवाय डीसीची दिशा बदलत नसल्याने धातू एकाच बाजूला वाहून जातो: एका कॉन्टॅक्टवर खड्डा, समोरच्यावर उंचवटा. जुन्या पेट्रोल इंजिनांच्या सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या कॉन्टॅक्ट ब्रेकरवर) हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. हे पॉइंट टंगस्टनचे असत, तरीही समांतर जोडलेला, आर्क कमी करणारा कंडेन्सर निकामी झाला की भराभर जळत.

फिलामेंटच्या दिव्याचे उलट असते. तो लावतानाच धोका जास्त, कारण थंड फिलामेंट नेहमीच्या दहापट प्रवाह ओढू शकते. त्यात कॉन्टॅक्ट आपटून उसळले तर चिकटूनच बसतात.

काळवंडलेल्या, खडबडीत कॉन्टॅक्टचा रोध वाढतो. ०.१ ओहम ऐकायला क्षुल्लक, पण १० ॲम्पिअर प्रवाहाला तिथे १ व्होल्ट घटतो आणि १० वॅट उष्णता स्विचच्या आतच निघते. हेडलाइट मंदावतो, स्प्रिंग सैल पडते, शेवटी प्लॅस्टिक वितळते. पॉलिश पेपरने घासल्यास चांदीचा पातळ मुलामाच निघतो आणि झीज वाढते. त्यापेक्षा मोठा भार रिलेवर टाकावा आणि रिलेच्या गुंडाळीला उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा, म्हणजे गुंडाळीतली ऊर्जा त्यातून जिरते. रिले मात्र थोडा उशिरा सुटतो.

४०० ते ८०० व्होल्टच्या विद्युत वाहनांत एवढ्याने भागत नाही. तिथल्या अनेक कॉन्टॅक्टरमध्ये (मोठ्या प्रवाहाच्या रिलेमध्ये) चुंबकाने आर्क ताणून तोडतात आणि कॉन्टॅक्ट हायड्रोजन किंवा नायट्रोजन भरलेल्या बंद कोठडीत ठेवतात.