ब्राउनी कोकणात कशी रुजली

क्रीमचा केक कोकणात धड पोहोचला तर नशीब. मे महिन्यातला उकाडा, घाटातली वळणं, एसटीचे धक्के, त्यात ऐन वेळी गेलेली वीज. केकवरचं गुलाबाचं फूल मुक्कामाला येईतो घसरून कडेला बसलेलं असतं. ब्राउनीचं, म्हणजे चॉकलेटच्या दाट, चौकोनी केकचं, तसं काही होत नाही. ती फुगलेली नाही, सजवलेली नाही, आणि मुळात डब्यात घालून न्यायलाच जन्मली आहे.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष बर्था पामर, त्यांच्या यजमानांचं हॉटेल म्हणजे पामर हाउस. प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या डब्यात केकच्या तुकड्याहून लहान, हातात धरून खाता येईल असं काहीतरी गोड हवं, अशी त्यांची फर्माइश होती, असं हॉटेल आजही अभिमानाने सांगतं. अक्रोड घातलेला, वर जर्दाळूचा चकचकीत थर दिलेला तो दाट चौकोन तिथे अजून मिळतो.

छापील कृतींची गोष्ट जरा निराळी आहे. बोस्टनच्या पाककृती-लेखिका फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या पुस्तकात जी ब्राउनी दिली तिच्यात चॉकलेटच नव्हतं. लोणी, साखर, अंडं, मैदा, अक्रोडासारखे पिकन आणि उसाची काकवी, एवढ्यावर लहान साच्यांत भाजायची. त्यांच्या पुस्तकातली चॉकलेटची ब्राउनी आली १९०६ मध्ये. कुणीतरी बेकिंग पावडर घालायला विसरलं आणि ब्राउनी झाली, ही कथा खूप ऐकू येते; मला ती मागाहून रचलेली वाटते.

न फुगणारं, दाट, भाजलेलं गोड कोकणाला नवं नव्हतंच. पावसाळ्याच्या शेवटी मांडवावरचं तवसं जून झालं की ते किसून, त्यात तांदळाच्या कण्या, गूळ आणि ओलं खोबरं घालून धोंडस करतात. कुठे त्यालाच तवसोळी म्हणतात. जाड बुडाच्या टोपाखाली मंद विस्तव, झाकणावर निखारे. गार झालं की वड्या पाडायच्या. खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून गोव्यापर्यंत ख्रिस्ती घरांत नाताळात रवा-नारळाचा बात्क होतो, तोही याच जातीचा. ब्राउनीला ‘बसलेला केक’ म्हणणाऱ्या पाहुण्याला आधी धोंडस वाढावं.

प्रश्न होता भट्टीचा. दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ मळून ट्रे बेकरीत न्यायचे आणि पाव काढून झाले की उरलेल्या धगीवर भाजून आणायचे, हा बऱ्याच गावांचा रिवाज. पुढे ॲल्युमिनियमचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन आला. वीज नसेल तेव्हा कुकर: तळाशी वाळू किंवा मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली. ब्राउनीचा थर पातळ, म्हणून ती कुकरमध्ये केकपेक्षा बिनधास्त शिजते. एकच उणीव, वरची पापडी येत नाही. अंड्यात नीट विरघळलेली साखर वरच्या कोरड्या उष्णतेने वाळली की ती चमकदार, तडकलेली पापडी धरते; कुकरच्या झाकणाखाली सगळी वाफ. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी बेकिंगचं वेड शिरलं आणि त्यातून ऑर्डरी घेणाऱ्या बायका पुढे आल्या, तेव्हा या पापडीसाठीच अनेक घरांत वरूनही तापणारा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, आला असावा.

अक्रोड काश्मीरहून येणार आणि महाग पडणार. काजू मात्र पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला, आता परड्यातला. ब्राउनीला अख्खा गर लागतच नाही, पाकळी किंवा तुकडा स्वस्तात चालतो. मात्र काजूला अक्रोडासारखा कडवटपणा नाही, म्हणून साखर थोडी कमी घ्यावी आणि तुकडे आधी भाजावेत, नाहीतर मिश्रणात मऊ पडतात.

प्रसंग बदलला की कृती बदलते. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं आणि अंडं चालत नाही. तेव्हा बांधून ठेवायचं काम कंडेन्स्ड मिल्क किंवा दह्यावर सोपवतात. पोत थोडा केकसारखा होतो, पण तक्रार कोणी करत नाही. नाताळात रममध्ये भिजवलेल्या काळ्या मनुका. आंब्याच्या दिवसांत कोको बाजूला ठेवून ब्लाँडी, म्हणजे बिनकोकोची फिकी ब्राउनी, करावी, कारण कोकोपुढे हापूसचा वास टिकत नाही. त्यातही ताजा रस नको, त्यातल्या पाण्याने मधला भाग ओलाच राहतो. आंब्याचा आटवलेला मावा घ्यावा.

मला सगळ्यांत पटलेली म्हणजे नाचणीची ब्राउनी, वाढदिवसाला मुलांच्या डब्यात द्यायची. पावाला मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे चिवट प्रथिन, लागतं, कारण त्याला वायू धरून फुगायचं असतं. ब्राउनीत पीठ कमी, लोणी-साखर जास्त, आणि आकार धरायचं काम बरंचसं अंड्याचं. त्यामुळे ग्लूटेन नसलेली नाचणी इथे खपून जाते आणि रंगही आयता मिळतो. पीठ मात्र वस्त्रगाळ हवं, नाहीतर दाताखाली कचकच लागते. शिवाय भांड्यातच पूर्ण गार होऊ द्यावी. गरम असताना सुरी घातली तर चौकोन पडत नाहीत, भुगा होतो.