प्रकाशाचे शोषण व परावर्तन

पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरून मागे फिरतो, काही आत जिरतो आणि उरलेला आरपार जातो. कोणाच्या वाट्याला किती, हे पदार्थातील इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाची तरंगलांबी या दोहोंवर ठरते. त्यामुळे एखादा पदार्थ नुसता ‘पारदर्शक’ आहे असे म्हणणे खरे तर अपुरे आहे. कोणत्या प्रकाशाला, तेही सांगावे लागते.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि त्याच्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाची, ऊर्जा सुमारे १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक). इलेक्ट्रॉनला ही ऊर्जा घ्यायची तर तेवढ्या अंतरावर रिकामी ऊर्जापातळी (इलेक्ट्रॉनला धारण करता येईल अशी ठरावीक ऊर्जा) असावी लागते. हिऱ्यात भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमध्ये सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी आहे. दृश्य प्रकाशाला ती ओलांडता येत नाही, म्हणून शुद्ध हिरा रंगहीन. सिलिकॉनमध्ये ही दरी जेमतेम १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असल्याने तो दृश्य प्रकाश शोषतो. सौरघट चालतात ते याच शोषणावर. पण १.१ मायक्रोमीटरच्या पुढच्या अवरक्त (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा या दरीहून कमी पडते, म्हणून त्याला हाच करडा, अपारदर्शक सिलिकॉन वाट मोकळी करून देतो. काचेचे नेमके उलटे आहे. आपल्याला तिच्यातून स्वच्छ दिसते, पण दीर्घ अवरक्त किरण ती अडवते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगे म्हणूनच बहुधा जर्मेनियमची करतात.

दरी मोठी असली तरी थोडीशी भेसळ रंग आणू शकते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा शुद्ध स्फटिक रंगहीन असतो. त्यात अल्प प्रमाणात क्रोमियम मिसळले की ते जांभळा आणि हिरवा-पिवळा प्रकाश शोषते आणि लाल माणिक तयार होते.

धातूंमधील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या विद्युतक्षेत्राबरोबर हेलकावतात. त्यांच्या हेलकाव्यांतून निघालेल्या लहरी आतल्या बाजूला मूळ लहरीला खोडून काढतात आणि बाहेरच्या बाजूला परावर्तित प्रकाश म्हणून निघतात. धातूची चकाकी ती हीच. चांदी जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश असा परत पाठवते. सोने मात्र निळा-जांभळा प्रकाश शोषते. त्याच्या जड अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन इतके वेगवान असतात की सापेक्षतेच्या परिणामाने ऊर्जापातळ्या सरकतात. तसे झाले नसते तर सोने चांदीसारखेच पांढरे दिसले असते.

पांढरेपणाचे कारण बहुतेकदा निराळे असते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. तीच काच कुटली की असंख्य पृष्ठभागांवर हे घडते, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि भुकटी पांढरी दिसते. कणांमधली हवा काढून तिथे काचेइतकाच अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचे माप) असलेले द्रव भरले, की भुकटी पुन्हा पारदर्शक होते.

शोषलेली ऊर्जा बहुधा उष्णता बनते. ज्या तरंगलांबीचा प्रकाश पदार्थ चांगला शोषतो, त्याच तरंगलांबीचे प्रारण तो तापमानानुसार चांगले उत्सर्जितही करतो, हा किरखोफचा नियम. ताजे हिम दृश्य प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवते, पण दीर्घ अवरक्तात ते जवळपास काजळीइतके काळे, म्हणजे चांगले शोषणारे आणि म्हणून चांगले उत्सर्जित करणारे, असते. निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो, त्याचे हे एक मोठे कारण.