गट-प्रकल्पातील असहकार (बेळगाव सीमाभाग)

महाविद्यालयात तिघाचौघांनी मिळून करायच्या कामात एखाद्याने अंग चोरणे, बैठकीला दांडी मारणे किंवा उलट सगळे आपल्याच हातात ठेवून इतरांना नुसते बसवणे, हे प्रकार या विषयात येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तो मुख्यतः अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी ऐकू येतो. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. प्रकल्पाच्या गटाला इथली मुले ‘बॅच’ म्हणतात.

भांडणाचे मूळ बऱ्याचदा स्वभावापेक्षा गुणपद्धतीत सापडते. विद्यापीठाच्या २०१८च्या आराखड्यात प्रकल्पाचे अंतर्गत गुण अहवाल, सादरीकरण आणि प्रश्नोत्तरे यांना ५०:२५:२५ या प्रमाणात होते आणि अहवालाचे गुण बॅचमधल्या सर्वांना सारखेच. म्हणजे रात्र रात्र जागून अहवाल लिहिणारा आणि ‘करतो की रे, उद्या देतो’ म्हणत महिना काढणारा, दोघांच्या पदरात निम्मा भाग एकसारखा पडतो. भागीचे घोडे किवणाने मेले, ते असे.

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमन याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढली की दरडोई जोर कमी होतो, असे त्यांत दिसले. ताळमेळ बसत नसेल म्हणून असे होते का, हे १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी तपासले. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला मागे आणखी लोक ओढत आहेत असे नुसते भासवले, तरी त्याचा जोर घटला. कोणी किती काम केले हे ओळखू येणार असेल तर कुचराई बरीच कमी होते, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. नॉर्बर्ट कर यांनी १९८३ मध्ये दाखवलेली गोष्ट बॅचमध्ये सर्रास दिसते: जोडीदार फुकट खातो आहे असे कळले की चांगला माणूसही हात आखडता घेतो.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. अहवाल इंग्रजीत, गाइड म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक बहुधा कन्नडभाषक. मराठी शाळेतून आलेला खानापूरकडचा मुलगा कन्नड चर्चेत गप्प बसतो आणि त्याच्यावर कामचुकारीचा शिक्का बसतो. बॅचमध्ये मराठी मुले जास्त असली की हीच पाळी गोकाक किंवा बागलकोटच्या कन्नड मुलावर येते. आपण मराठी मंडळी ते सहसा कबूल करत नाही, एवढेच. संध्याकाळची बस गाठायची म्हणून लवकर उठणाराही असाच बदनाम होतो. शिवाय मेकॅनिकलच्या प्रकल्पात वेल्डिंग आणि टर्निंग करून घ्यायला उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत खेटे घालावे लागतात. ते काम अहवालात कुठेच दिसत नाही, त्यामुळे खेटे घालणारा आणि टायपिंग करणारा दोघेही स्वतःलाच राबलेला समजतात.

गाइडकडे तक्रार क्वचितच वेळेवर जाते. ‘आमच्या गल्लीतलाच आहे की’, घरचे एकमेकांना ओळखतात, मग कशाला वाईटपणा, असे करत सबमिशनचा आठवडा उजाडतो आणि तेव्हा गाइडच्याही हाती फारसे काही उरत नाही. पहिल्या आढाव्याआधीच सांगितले तर कामे नव्याने वाटता येतात. कोणता भाग कोणाचा आणि कोणत्या तारखेला, हे सुरुवातीलाच व्हॉट्सॲप गटावर लिहून टाकणे हा उपाय साधा आहे, पण वरच्या प्रयोगांशी जुळणारा तोच. सगळे आपल्याच लॅपटॉपवर ठेवणाऱ्या हुशार मुलालाही त्याने आळा बसतो. असा मुलगा कामचुकारापेक्षा कमी त्रासाचा नसतो.

काही बॅच तडजोड करतात: काम न करणाऱ्याने मॉडेल आणि बाइंडिंगच्या खर्चाचा मोठा वाटा उचलायचा. त्याने अहवाल वेळेवर बांधून मिळतो. तोंडी परीक्षेत मात्र हा व्हॉल्व्ह इथे का बसवला, असे परीक्षक ज्याला विचारतील त्यालाच उत्तर द्यावे लागते.