कॅम्पस वायफाय आणि स्मार्ट उपकरणे

विद्यापीठ किंवा वसतिगृहाच्या सामायिक वायफायला स्मार्ट बल्ब, प्लग, स्पीकर, टीव्ही अशी घरगुती उपकरणे जोडण्याची प्रक्रिया. घरचे वायफाय एका पासवर्डवर चालते आणि तो पासवर्ड असलेल्या प्रत्येक यंत्राला घरचेच मानते. कॅम्पसचे वायफाय यंत्राला नव्हे, व्यक्तीला ओळखते. बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात.

कॅम्पसमध्ये सहसा ८०२.१एक्स हे जाळ्यात प्रवेश देण्याचे मानक वापरतात. त्यात प्रत्येकाचे वापरकर्तानाव व पासवर्ड रेडियस नावाचा ओळख पडताळणारा सर्व्हर तपासतो. युरोपात सुरू झालेली आणि भारतात अर्नेट इंडिया ही संस्था चालवत असलेली एज्युरोम ही संस्थांमधली सामायिक वायफाय सेवा याच पद्धतीची असल्याने, एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेतही स्वतःच्याच खात्याने इंटरनेट वापरू शकतो. स्वस्त स्मार्ट प्लगच्या ॲपमध्ये मात्र पासवर्डची एकच चौकट असते आणि वापरकर्तानाव भरायला जागाच नसते. जिथे ब्राउझरमध्ये लॉगिनचे पान उघडते, तिथेही पडदाच नसलेला बल्ब अडतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे उपकरणाच्या मॅक पत्त्याची, म्हणजे जाळ्यावरच्या त्याच्या ओळखक्रमांकाची, नोंदणी. खोक्यावर किंवा उपकरणाच्या तळाशी छापलेला हा बारा अंक-अक्षरांचा पत्ता विद्यार्थी संस्थेच्या पोर्टलवर भरतो. मात्र मॅक पत्त्याची नक्कल सहज करता येत असल्याने अशा उपकरणांना वेगळ्या, मर्यादित जाळ्यात ठेवतात. याहून सरस व्यवस्था म्हणजे वायफायचे नाव एकच ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र पासवर्ड देणे. त्यामुळे त्याची उपकरणे एका खासगी गटात येतात.

जोडणी झाली तरी फोनला टीव्ही सापडेलच असे नाही. हा शोध एमडीएनएस या, जवळपासची यंत्रे शोधण्याच्या पद्धतीने, २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर हाक देऊन होतो, आणि ती हाक उपजाळ्याबाहेर, म्हणजे जाळ्याच्या त्या छोट्या भागाबाहेर, जात नाही. शिवाय सुरक्षेसाठी वापरकर्त्यांची यंत्रे परस्परांपासून अलग ठेवलेली असतात. हे निर्बंध सरसकट उठवले, तर कोणाचाही चित्रपट शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर सुरू होऊ शकतो. निर्मात्याच्या सर्व्हरमार्फत चालणाऱ्या बल्बला ही अडचण सहसा येत नाही.

खोलीत स्वतःचा राउटर लावणे ही सर्वांत सोपी पळवाट, पण अनेक संस्थांत तिला मनाई असते, आणि ती रास्तच आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल सहसा एकमेकांना न छेदता वापरता येतात, आणि बरीचशी स्वस्त उपकरणे फक्त याच पट्ट्यात चालतात; खोलीखोलीतले राउटर तिथे गर्दी करतात. त्यातच भिंतीवरच्या सॉकेटची केबल चुकून राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रे जोडायच्या खोबणीत) खोचली, तर तो राउटर अख्ख्या मजल्यावरच्या यंत्रांना चुकीचे आयपी पत्ते वाटू लागण्याची शक्यता असते.

संस्थांची सावधगिरी अनाठायी नाही. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातले मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठे हल्ले केले. तिच्या कर्त्यांपैकी एक अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि विद्यापीठाच्याच जाळ्यावर हल्ले केल्याची कबुली त्याने पुढे न्यायालयात दिली.