भाजलेली चिनी माती आणि झिओलाइट: फरक पाण्यात कळतो

एकदा भाजलेलं मडकं कितीही भिजवलं तरी त्याचा परत चिखल होत नाही, हे खानापूरकडच्या कुंभारांच्या पोरांनाही ठाऊक असतं. मेटाकाओलिनची, म्हणजे भाजलेल्या चिनी मातीची, गोष्ट हीच. चिनी माती ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्या रचनेत बांधलेलं पाणी सुटतं, वजन सुमारे १४ टक्के घटतं आणि मऊ पांढरी पूड उरते. ते पाणी परत येत नाही.

झिओलाइटही पांढरी पूडच, तीही याच मातीची. म्हणून गल्लत होते. पण तो पुढचा टप्पा आहे. मेटाकाओलिन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून ९० अंशांच्या आसपास काही तास ठेवलं की विस्कटलेलं सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम नव्याने जुळतं आणि पिंजऱ्यासारखे स्फटिक तयार होतात. चिनी मातीत या दोन्हींचे अणू समसमान असतात, आणि ‘झिओलाइट ए’ला नेमकं तेच प्रमाण लागतं, वरून फक्त सोडियम द्यायचं. मला ही जुळणी फार सुंदर वाटते. मात्र घाई आणि आळस दोन्ही नडतात. भट्टी हजार अंशांपलीकडे तापली तर माती कॉस्टिकला नीट दाद देत नाही, आणि द्रावणात फार वेळ राहिली तर सोडालाइट हा वेगळाच स्फटिक बनू लागतो. कौलांची लाल मातीही सरळ चालत नाही: लोहाने रंग येतो, वाळू तशीच तळाशी राहते.

निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. झिओलाइटचा पिंजरा तसा फुगत नाही, जागचा हलत नाही; पाणी आत येतं, तापवलं की जातं, पुन्हा येतं. झिओलाइट निसर्गात दगड म्हणूनही सापडतो; १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजतज्ज्ञाने असा दगड तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’, हे नाव पडलं.

कामंही वेगळी. मेटाकाओलिन सिमेंटमध्ये चुन्याशी बांधलं जातं. झिओलाइट साबणाच्या पावडरीत असतो: बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम धरतो, बदल्यात सोडियम सोडतो, मग फेस येतो.

दोन पुड्या समोर असतील तर दोन्ही कडक तापवून, बंद डब्यात गार करून, चमचा चमचा घ्या आणि पाण्याचे थेंब टाका. झिओलाइटची वाटी बोटांना चटकन गरम लागेल.