दोन तासांचं ऑपरेशन, वर्षभराचं नाक

लग्न फेब्रुवारीत, ऑपरेशन डिसेंबरात. मध्ये दोन महिने आहेत, तेवढ्यात नाक 'सेट' होईल. नाकाची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया, म्हणजे राइनोप्लास्टी करून घ्यायची असली की घरोघरी हिशेब होतो तो असा. सर्जनला पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, "सुट्टी किती टाकावी लागेल?" त्याचं उत्तर बरोबरच मिळतं: साधारण दहा ते चौदा दिवस. पण हे ऑफिसात परत जाण्याचं उत्तर झालं. नाक तयार व्हायला वर्ष लागतं. ऑपरेशननंतर होणारी बरीचशी घालमेल या दोन उत्तरांची गल्लत झाल्याने होते, असं माझं मत आहे.

वर्ष का, ते नाकाच्या आत काय केलं जातं हे कळलं की लक्षात येतं. नाकाचा वरचा साधारण एक-तृतीयांश भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या मऊ पाळीच्या वर जो लवचिक भाग असतो तशाचा. सर्जन त्वचा या सांगाड्यापासून मोकळी करून वर उचलतो, कूर्चा कापून, शिवून किंवा नवा तुकडा बसवून आकार बदलतो, गरज असेल तर हाड छिन्नीने तोडून आत सरकवतो आणि त्वचा पुन्हा अंथरतो. हे सगळं दोन-तीन तासांत आटोपतं. पण त्वचा उचलताना तिच्यातल्या बारीक लसिकावाहिन्या तुटतात. पेशींभोवती साचलेलं पाणी वाहून नेण्याचं काम त्यांचं. त्या पुन्हा जुळेपर्यंत पाणी तिथेच रेंगाळतं. आपल्याकडे बऱ्याच जणांची नाकाच्या शेंड्याची त्वचा जाड आणि तेलकट असते, त्यामुळे शेंड्याची सूज सगळ्यांत शेवटी उतरते.

पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते आणि घरचे घाबरतात. वाढणं अपेक्षितच असतं. ऑपरेशन नाकाचं आणि काळेनिळे डोळे, हेही तसंच. पापण्यांची त्वचा अतिशय पातळ आणि सैल असते, नाकाच्या हाडाजवळ सांडलेलं रक्त तिथे उतरतं. मग आरशात रंगांचा खेळ सुरू होतो. आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर टप्प्याटप्प्याने मोडतं; हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन ते हेच. म्हणजे डोळ्यांखाली पिवळं दिसू लागलं की साफसफाई संपत आली असं समजावं. उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात, कारण आडवं झालं की पाणी चेहऱ्याकडे येतं. म्हणूनच सकाळी नाक जास्त सुजलेलं दिसतं आणि संध्याकाळी कमी.

साधारण आठवड्याने नाकावरचं प्लास्टर निघतं. या दिवसाची मनाची तयारी कुणी करून देत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. त्या दिवशी दिसणारं नाक बहुधा आवडत नाही. ते रुंद असतं, शेंडा जरा जास्तच वर गेलेला असतो, हात लावला तर लाकडासारखा बधिर लागतो. श्वासही आतल्या सुजेमुळे मोकळा नसतो. काही जणांना त्या आठवड्यात रडू येतं, 'उगाच केलं' असं वाटतं. महिनाभरात सुजेचा मोठा भाग जातो आणि बाहेरच्यांना काही कळत नाही. राहिलेली सूज मात्र महिनोन्‌महिने मुंगीच्या पावलांनी उतरते. शेंड्याची संवेदनाही तशीच परतते. तुटलेला चेतातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो.

आणि जखम 'भरली' म्हणजे काय? टाके काढले की आपण ती भरली असं धरतो. प्रत्यक्षात एका आठवड्याच्या जखमेत मूळ त्वचेच्या ताकदीच्या सुमारे ३ टक्केच ताकद असते, तीन आठवड्यांनी २० टक्क्यांच्या आसपास, तीन महिन्यांनी ८० टक्के. त्यापुढे ती फारशी जात नाही. व्रण मूळ त्वचेइतका मजबूत कधीच होत नाही. सुरुवातीला शरीर घाईघाईने कच्चं कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळ देणारं तंतूंसारखं प्रथिन, भरतं आणि नंतर वर्षभर ते काढून पक्कं कोलॅजन बसवत राहतं. म्हणून व्रण आधी लालसर आणि कडक असतो, नंतर फिका आणि मऊ होतो.

शरीराचं हे वेळापत्रक ओळखून शस्त्रक्रिया करणारे लोक आपल्या पुण्याजवळ सव्वादोनशे वर्षांपूर्वी होते. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकायला होता. टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक लावलं. मेणाचा साचा नाकावर बसवून पाहायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, तेवढी त्वचा सोडवून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. दोन इंग्रज वैद्यांच्या साक्षीने झालेल्या या शस्त्रक्रियेची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तीच पद्धत वापरली आणि युरोपात नाक बांधण्याचं शास्त्र पुन्हा सुरू झालं.

त्या हकिगतीतला मला सर्वांत आवडणारा तपशील साच्याचा नाही, दिवसांचा आहे. कपाळाच्या त्वचेची एक पट्टी भुवयांच्या मधोमध जोडलेली ठेवायची आणि ती कापायची सुमारे पंचविसाव्या दिवशी. तोवर त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर नवं नाक जगतं. दरम्यान गालाकडून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. आधी कापलं तर नाक काळं पडून मरतं. आजही कपाळाच्या त्वचेने नाक बांधताना ही पट्टी साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. भूल आली, प्रतिजैविकं आली, पण केशवाहिन्यांची चाल वाढलेली नाही.

या चालीला सर्वांत मोठा अडथळा तंबाखूचा. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि उचललेल्या त्वचेच्या कडेला नेमकं तिथेच रक्त कमी पडतं. म्हणून किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर सिगारेट बंद ठेवायला सांगतात. इथे एक गोष्ट हमखास निसटते. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्या बाई रोज सकाळी मिश्री लावत असतात. मिश्री, गुटखा, व्हेप, निकोटिनचं च्युइंगगम, रक्तवाहिनीला सगळं सारखंच. लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्यात सांगा, पण सांगा. औषधांचंही तसंच. अ‍ॅस्पिरिनने निकामी झालेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, बदलायला सात ते दहा दिवस लागतात. लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, ई जीवनसत्त्व हीसुद्धा औषधंच मोजा. मात्र हृदयविकारासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का, हेही आठवून सांगा. ती केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणारा व्रण, असू शकते, आणि नाकासाठी कूर्चा कानातून घ्यायची असेल तर ही माहिती मोलाची ठरते.

घरी आल्यावरचे नियम तसे साधे. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाक शिंकरायचं नाही. चष्म्याचं ओझं साधारण चार ते सहा आठवडे नाकावर नको. कपालभाती आणि जलनेती सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. वाकून जड उचलणं टाळायचं. आणि लग्नघरात कुणी आठवण करून देत नाही ती नथ! चापाची नथ नाकपुडी दाबून धरते आणि मोत्यांचं वजन खाली ओढतं, तेही बधिर नाकाला, ज्याला दुखलेलं कळणार नाही. फेब्रुवारीच्या लग्नाचा हिशेब इथेच फसतो.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही. नाक आतून ठणकत बंद होत गेलं तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं. ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा मरते आणि नाक खचतं. न थांबणारा रक्तस्राव, ताप, एकाच पोटरीला सूज, अचानक धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं.

निर्णयाआधी आणखी एक. फोनमधल्या सेल्फीवर नाकाचा निवाडा करू नका. फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८ मध्ये गणिताने मांडून दाखवलेलं आहे. दोष भिंगाच्या अंतराचा आणि छिन्नी हाडावर, असं व्हायला नको. दिवसातले तासन्‌तास आरशासमोर जात असतील, दुसऱ्या कुणाला न दिसणारा दोष आपल्याला छळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. अशा वेळी ऑपरेशनने नाक बदलतं, छळ बदलत नाही.

पैशांचं थोडक्यात. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही आणि तिला जीएसटीची सूटही नाही. अपघात किंवा जन्मजात व्यंगासाठीची शस्त्रक्रिया दोन्हीकडे वेगळी धरली जाते. पॅकेज स्वस्त का, हे विचारताना भूल कोण देणार, आणि रात्री काही झालं तर कोण येणार, हे आधी विचारा. प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी असते. कान-नाक-घसा तज्ज्ञही हे काम करतात. 'कॉस्मेटॉलॉजी'चा अल्पमुदतीचा कोर्स म्हणजे शस्त्रक्रियेचं शिक्षण नव्हे. डॉक्टरांची नोंदणी मेडिकल कौन्सिलच्या यादीत घरबसल्या पाहता येते.

दुसऱ्या ऑपरेशनचा विषयही पहिल्याच भेटीत काढावा, कारण चांगल्या हातांनी केलेल्या नाकांपैकीही शंभरातल्या पाच ते पंधरांना पुन्हा दुरुस्ती लागू शकते. तिचा खर्च कुणाचा, ते लिहून घ्या. आणि तिसऱ्या महिन्यात "शेंडा अजून जाड आहे, परत करून द्या" म्हणून गेलात आणि सर्जन म्हणाले, "वर्ष होऊ द्या, मग बघू," तर ते टाळत नाहीयेत. लगेच "चला, करून टाकू" म्हणणारा भेटला, तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.