आर्क विझल्यावरचे ऐंशी व्होल्ट

मे महिन्यात फॅब्रिकेशनच्या दुकानांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. पाऊस लागायच्या आत शेडवर पत्रे चढले पाहिजेत, गोठ्याचा सांगाडा उभा राहिला पाहिजे, गच्चीची जाळी बसली पाहिजे. भर दुपारी वेल्डर लोखंडी अँगलवर मांडी टेकून काम करत असतो. शर्ट पाठीला चिकटलेला, हातमोजे असलेच तर घामाने ओले. रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी धातूची कांडी, संपतो. उरलेला तुकडा झटकून तो होल्डर, म्हणजे रॉड पकडणारा विजेचा चिमटा, काखेत धरतो आणि मोकळ्या झालेल्या हाताने पाकिटातला नवा रॉड ओढतो.

बघणाऱ्याला वाटतं, चला, दोन क्षण तरी धोका टळला. आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत पेटणारा विजेचा डोळे दिपवणारा झोत, विझला, ठिणग्या थांबल्या. विजेच्या हिशेबाने मात्र त्या अख्ख्या कामातला सगळ्यात वाईट क्षण हाच असतो.

होल्डर आणि मशीनची दुसरी केबल कामाच्या लोखंडाला जोडणारा 'अर्थिंगचा' क्लॅम्प यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं तर याचं कारण कळतं. आर्क पेटलेला असताना तिथे साधारण २० ते ३० व्होल्ट असतात. आर्क तुटला की तोच आकडा ६० ते ८० व्होल्टवर जातो. आर्क पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, कारण हवा सहजासहजी वीज वाहू देत नाही. एकदा पेटला की रॉड आणि लोखंड यांच्यामधली हवा इतकी तापते, की तिच्यातले अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि कमी व्होल्टेजवरही शंभर-सव्वाशे अँपिअर आरामात वाहतात. वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम असाच बनवलेला असतो: करंट वाढला की व्होल्टेज पाडायचं, करंट थांबला की पुन्हा वर न्यायचं. त्यामुळे मशीन नुसतं गुणगुणत उभं असतं, तेव्हा होल्डरवर पूर्ण व्होल्टेज हजर असतं. एसी, म्हणजे लाटेसारखी दिशा बदलत राहणारी वीज देणाऱ्या मशीनचे ८० व्होल्ट म्हणजे प्रत्येक लाटेच्या शिखरावर ११३ व्होल्ट.

"ऐंशी व्होल्टने काय होतंय? घरातल्या बोर्डात दोनशेतीस असतात," असं अनुभवी वेल्डरही म्हणतात. आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. वर्षानुवर्षं त्यांना फक्त झिणझिण्या आलेल्या असतात. पण त्यांना वाचवलेलं असतं कोरड्या कातडीने.

वीज शरीरातून किती वाहणार हे व्होल्टेज भागिले रोध एवढ्यावर ठरतं. कोरड्या, घट्टे पडलेल्या तळहाताचा रोध ५०,००० ओहम असेल, तर ८० व्होल्टला दीड मिलिअँपिअरच्या (अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपिअर) आसपास करंट जातो. मुंगी चावल्यासारखं वाटतं, एवढंच. तीच कातडी खारट घामाने भिजली, स्पर्श मोठ्या भागाला झाला, की रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. आता करंट ८० मिलिअँपिअर. मशीन तेच, माणूस तोच आणि करंट पन्नास पट. काखेतली कातडी तर पातळ आणि कायम ओलसर असते, शिवाय हृदय तिथून वीतभर अंतरावर. होल्डर ठेवायला शरीरावर याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

एक मिलिअँपिअरला वीज जाणवते. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आपल्या ताब्यात राहत नाहीत. "करंटने चिकटवून धरलं" असं आपण म्हणतो, पण वीज कुणाला ओढत नाही. बोटं मिटवणारे स्नायू बोटं उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात. दोन्हींना एकदम धक्का बसला की मूठ वळते आणि ज्या तारेपासून सुटायचं तीच गच्च पकडली जाते. ५० हर्ट्झचा एसी करंट स्नायूंना सैल पडायला उसंतच देत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे, करंट काही सेकंद टिकला तर श्वास अडकू शकतो आणि हृदयाची लय बिघडण्याची भीती सुरू होते. ८० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदय आकुंचन-प्रसरण सोडून नुसतं थरथरत राहू शकतं. रक्त पुढे ढकललं जात नाही आणि काही सेकंदांत माणूस कोसळतो.

"पायात रबरी चप्पल आहे ना," हा भरवसाही इथे फसवा आहे. घरातला शॉक सहसा शरीरातून जमिनीत जातो, म्हणून आपलं लक्ष पायांकडे असतं. वेल्डिंगच्या करंटला जमीन लागतच नाही. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक होल्डरला, दुसरं क्लॅम्पमधून कामाच्या लोखंडाला. वेल्डर ज्या अँगलवर बसलाय तोच अँगल दुसरं टोक आहे. काखेतला होल्डर आणि मांडीखालचा अँगल यांच्यामध्ये उरतो तो फक्त माणूस. म्हणून बसायला, गुडघा टेकायला कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट हवी. दहा मिनिटांत करता येणारी ही सोय किती साईटवर दिसते, हे पाहिलं की जीव तुटतो.

याच कारणामुळे बोर्डावरचा अर्थ लीकेज ब्रेकरही होल्डरच्या शॉकपासून वाचवत नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला करंट होल्डरमधून माणसात आणि माणसातून क्लॅम्पमध्ये फिरला, तर अलीकडच्या फेज-न्यूट्रलच्या हिशेबात काहीच कमी पडत नाही. ब्रेकर जागचा हलत नाही. तरीही तो बसवायलाच हवा, कारण मशीनच्या अलीकडे २३० किंवा ४१५ व्होल्ट आहेत. बोर्डात पिनशिवाय खोचलेल्या उघड्या तारा, टेप गुंडाळलेले सांधे, पाण्यातून ओढत नेलेली वायर, हे सगळं त्याच बाजूला असतं.

आता "अर्थिंग" या शब्दाबद्दल. आपल्याकडे क्लॅम्पच्या केबलला सगळेच अर्थिंग म्हणतात आणि त्या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. ती केबल करंट मशीनकडे परत आणणारी वाट आहे, जमिनीशी तिचं नातं नाही. खरं अर्थिंग म्हणजे मशीनच्या पत्र्याच्या खोक्याला जोडलेली आणि जमिनीतल्या इलेक्ट्रोडपर्यंत जाणारी वेगळी तार. आतल्या वायंडिंगचं इन्सुलेशन जळून खोक्यात २३० व्होल्ट उतरले, तर तीच तार फ्यूज उडवते. "अर्थिंग लावलंय का?" असं विचारल्यावर वेल्डर क्लॅम्पकडे बोट दाखवतो, प्रामाणिकपणे दाखवतो, आणि ही दुसरी तार जोडायची राहून जाते.

क्लॅम्पही वेल्डच्या जवळ, गंज खरवडून, घट्ट बसवायचा असतो. तो लांब कुठेतरी खांबाला अडकवला किंवा सळयांचे तुकडे जोडून वाट केली, तर शंभर अँपिअर मिळेल त्या मार्गाने परत निघतात: वजन उचलायच्या चेनब्लॉकच्या साखळीतून, बेअरिंगमधून, कामावर टेकवून ठेवलेल्या ग्राइंडरच्या अर्थच्या बारीक तारेतून. ती तार आतल्या आत जळून जाते. ग्राइंडर चालूच राहतो, पण त्याचं संरक्षण संपलेलं असतं आणि हे कुणाला कळतही नाही.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना ओलाव्याची वेगळी कल्पना द्यायला नको. गाळप चालू असताना उसाची पकड सुटू नये म्हणून फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे दाणे बसवतात. अंगावर रसाचे शिंतोडे, पायाखाली ओलं लोखंड. हंगाम संपल्यावर तेच वेल्डर टाक्यांच्या आणि बॉडींच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या भांड्यांच्या, आत उतरतात. तिथे पाठ, खांदा, गुडघा, काहीही हललं तरी लोखंडालाच लागतं. अशा जागांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने एसी मशीनची मर्यादा ८० ऐवजी ४८ व्होल्ट ठेवली आहे. डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, मात्र ११३ व्होल्टपर्यंत मुभा आहे, कारण सारख्याच व्होल्टेजला डीसीपेक्षा एसी हृदयाला आणि स्नायूंना जास्त घातक ठरतो. अशा ठिकाणी चालणाऱ्या मशीनच्या नेमप्लेटवर 'एस' हे रोमन अक्षर असतं. मशीन घेताना, भाड्याने आणताना तेवढं अक्षर शोधावं. काही मशीनमध्ये आर्क तुटताच व्होल्टेज आपोआप खाली आणणारी सोय असते, तिला व्हीआरडी म्हणतात. टाकीत उतरणाऱ्याला जुनं एसी मशीन देणं मला तरी क्षम्य वाटत नाही. आणि बाहेर स्विचजवळ एक माणूस हवाच. त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

कोरडे, न फाटलेले चामड्याचे हातमोजे हवेत, आणि तेही दोन जोड: एक घामाने भिजला की उन्हात टाकायचा, दुसरा घालायचा. होल्डर अडकवायला लाकडी किंवा प्लॅस्टिकचा आकडा हवा. तापलेला होल्डर पाण्याच्या बादलीत बुडवायची सवय आजच सोडावी. केबल खांद्याला गुंडाळू नये. एकाच कामावर दोन वेल्डर असतील तर एकाने दुसऱ्याच्या होल्डरला हात लावू नये, कारण मशीनच्या जोडणीप्रमाणे दोन होल्डरमधलं व्होल्टेज दुप्पटही भरू शकतं.

उंचीवर तर झिणझिण्याही पुरतात. पंधरा फुटांवरच्या ट्रसवर, म्हणजे छपराच्या लोखंडी कैचीवर, बसलेला माणूस किरकोळ धक्क्याने दचकतो, हात सुटतो आणि तो खाली येतो. त्या शॉकने तो मेला नसता. म्हणून सेफ्टी बेल्ट हा विजेपासूनच्या बचावाचाही भाग आहे.

एवढं करूनही कुणाला शॉक लागलाच, तर आधी मेन स्विच बंद. स्विच लांब असेल तर कोरड्या बांबूने होल्डर किंवा केबल बाजूला सारायची. माणसाला हात लावायचा नाही. वीज तुटल्यावर तो हाक मारून उठत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर हातपाय चोळत बसण्यात मोलाची मिनिटं जातात. एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच सेंटीमीटर खोल दाब देत राहायचं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत, आळीपाळीने. आणि जो स्वतः उठून बसला, "काही नाही झालं" म्हणून पाणी पिऊन परत होल्डर उचलायला निघाला, त्यालाही त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि ईसीजी काढायचा. वीज कातडीवर ठिपक्याएवढा डाग ठेवून आतले स्नायू भाजून गेलेली असू शकते.